कॉलनीत न चालणारी जात

परभणीच्या कॉलनीत मला विचारलेला पहिला प्रश्न जातीचा होता.

कॉलनीच्या कमिटीचे अध्यक्ष त्यांच्या ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. माझी बदली झाली होती, म्हणून आम्ही जिंतूरहून नव्या रो-हाऊसच्या किल्ल्या घ्यायला आलो होतो. दुपार होती आणि ऊन असं होतं की बोलायचासुद्धा कंटाळा यावा. नवरा चहाचा कप धरून नको तितकं हसत होता. नव्या जागी गेला की तो असाच हसतो. अध्यक्षांनी एकदा फाटकाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे बघितलं, सुपारीचं खांड तोंडात टाकलं आणि म्हणाले, "जात कोणती म्हणायची?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी सरकारी दवाखान्यात नर्स आहे. नोकरी केलेल्या प्रत्येक गावात मला हे विचारलं गेलंय, पण सरळ कोणी विचारत नाही. आडनावावरून लक्षात नाही आलं म्हणतात, मूळ गाव कोणतं म्हणतात, तुमच्याकडे लग्नात देवक काय असतं म्हणतात. असे वळसे घालत घालत शेवटी तिथंच येतात. हा माणूस वळसा घालायचेही कष्ट घेत नव्हता. मग मीही घेतले नाहीत. मी जात सांगितली, मोठ्यानं, पोटजातीसकट. ती इथे लिहीत नाही. वाचणाऱ्याला ती कळावी असं वाटत असेल, तर त्यानं त्या अध्यक्षांशेजारी एक खुर्ची टाकून बसावं.

 नवऱ्याचा कप बशीवर वाजला. अध्यक्षांनी अडकित्ता मिटला आणि म्हणाले, "ताई, मी तुमची न्हाई, कुत्र्याची विचारायलोय."

फाटकाबाहेर भाड्याच्या गाडीच्या सावलीत आमचा कुत्रा जीभ बाहेर काढून बसला होता.

मग मी त्याचीही सांगितली. कारवान. एका प्रश्नात त्या माणसाला दोन उत्तरं मिळाली, आणि दोन्ही त्याच्या कामाची होती.

फाटकाच्या खांबावर नवा बोर्ड लागला होता. आम्ही घर घेतलं तेव्हा तो नव्हता. "कॉलनीत हिंस्र व शिकारी जातीची कुत्री पाळण्यास सक्त मनाई आहे. आदेशावरून." आदेश कोणाचा, ते लिहिलेलं नव्हतं. येताना मी तो वाचला होता आणि आपला काही संबंध नाही म्हणून पुढे आले होते. हिंस्र म्हणजे काय ते मला माहीत होतं. आमच्या कुत्र्याला माहीत नव्हतं.

कारवान ही आमच्या भागातली जुनी जात. निमुळतं तोंड, काठीसारखे पाय, पोटाला खळगा, बरगड्या बाहेरून दिसणाऱ्या. रस्त्यानं घेऊन निघालं की लोक विचारायचे, याला खायला घालत नाही का. पूर्वी ही कुत्री ससे धरायला पाळत. आमच्यानं आयुष्यात कोणाची चप्पलसुद्धा धरली नाही. कुकरची शिट्टी झाली की तो शिलाई मशीनखाली जाऊन बसायचा आणि भाजी शिजून पानात पडेपर्यंत बाहेर यायचा नाही. शेजारची मांजर त्याच्या ताटलीतली ताक-भाकरी खायची आणि हा बाजूला उभा राहून तिचं आटपायची वाट बघायचा. तो पिल्लू असताना पालमचा माझा मावसभाऊ त्याला पिशवीत घालून एसटीनं घेऊन आला होता. कुत्र्याचं नाव मी देत नाही. ते आमच्या घरापुरतं होतं.

दवाखान्यातून आले की माझ्या हाताला स्पिरिटचा वास असायचा. नवरा म्हणायचा, आधी हात धू. कुत्रा तोच हात नाकाशी धरून बसायचा, जणू दिवसभरात मी कोणाकोणाला सुई टोचली ते त्याला वाचता येत होतं. घरी माझी वाट बघणारं माणूस म्हणून मी त्याच्याकडेच बघायचे. नवरा वाईट नाही, पण तो टीव्हीकडे बघतो.

अध्यक्षांनी कमिटी बोलावली. कमिटी म्हणजे त्याच ओट्यावर आणखी चार खुर्च्या. मी कुत्र्याला आत आणलं, सगळ्यांच्या समोर उभं केलं, त्याच्या तोंडात माझा हात कोपरापर्यंत घालून दाखवायचा तेवढा बाकी ठेवला. तो सेक्रेटरींच्या पायाशी जाऊन आडवा झाला आणि चारी पाय वर केले. सेक्रेटरींनी पाय वर घेतले. या सेक्रेटरींच्या घरी एक लॅब्राडोर आहे. आम्ही येण्याच्या महिनाभर आधी त्यानं दूधवाल्याची पोटरी धरली होती, हे मला फाटकावरच्या वॉचमननं सांगितलं होतं. मी ते बोलून दाखवलं.

"ती घरगुती जात हाय," सेक्रेटरी म्हणाले.

अध्यक्षांनी मला मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. कुठल्याशा माळावर एक कारवान सशाच्या मागे पळत होता आणि मागे ढोल वाजत होते. मी विचारलं, या कुत्र्याचं आणि आमच्या कुत्र्याचं नातं काय? ते म्हणाले, जात एकच की. खुर्च्यांवरच्या सगळ्या माना हलल्या. माझा नवरा तोंडात मिठाची गुळणी धरून बसला होता.

त्या दिवशी मी नुसती कुत्र्याची जात सांगितली असती, माझी सांगितली नसती, तर कुत्रा राहिला असता का? हे मला कधीच कळणार नाही. कमिटीतलं कोणी तसं काही म्हणालं नाही. आमच्याकडे तसं तोंडानं कोणी म्हणत नाही. चहा देतात, ताई म्हणतात, सत्यनारायणाला बोलावतात आणि बोर्डावर बोट ठेवतात. त्यामुळे भांडायला समोर माणूस सापडत नाही. बोर्डाशी किती भांडणार?

जिंतूरला परतताना गाडीत मी नवऱ्याला म्हणाले, हे घर विकून टाकू. तो म्हणाला, हप्ते आजच सुरू झालेत. मी म्हणाले, मग भाड्यानं दुसरीकडे राहू. तो म्हणाला, कुत्र्याला घर देणारा मालक दाखव. बोलायला तो बरोबर होता, आणि मला त्याचा इतका राग आला की मी दोन दिवस त्याच्या डब्यात भाजी तिखट केली. तो गपगुमान खाऊन यायचा. त्याचाही मला राग यायचा.

मग मी कुत्र्यासाठी घर शोधायला लागले. पालमच्या मावसभावाला फोन केला, तर त्यानं हात वर केले. त्याची बायको पहिल्यापासून कुत्र्यांच्या विरोधात. पण त्याच्या ओळखीचा एक खत-बियाणांचा दुकानदार होता, त्याला राखणीला कुत्रं पाहिजे होतं. एका सुट्टीला मी एकटीच एसटीनं जाऊन आले. दुकानदारानं मागचं गोदाम दाखवलं. दाराशी भिंतीत एक कडी ठोकलेली, तिला बैलाची असावी तशी साखळी, आणि त्या साखळीच्या लांबीएवढी जमीन गुळगुळीत झालेली. आधीचं कुत्रं कुठं गेलं म्हणून विचारलं, तर मेलं म्हणाला. युरियाचा वास असा होता की माझे डोळे चुरचुरले. मी निघाले तर तो मागून म्हणाला, अहो, बिस्किटंपण खाऊ घालतो. मी मागे वळले नाही.

नंतर दोन तरुण पोरं मोटारसायकलवर घरी आली. त्यांनी कुत्र्याचे पाय दाबून बघितले, दात बघितले, आणि रानात पळतो का विचारलं. शिकारीला पाहिजे असणार. मी म्हणाले, याला दम्याचा त्रास आहे. ती निघून गेली. सगळ्या जिल्ह्याला त्याची जात पाहिजे होती, नाहीतर नको होती. तो कोणालाच नको होता.

शेवटी परभणीच्या दवाखान्यात, जिथं मी जिंतूरहून ये-जा करत रुजू झाले होते, तिथं साफसफाईला येणाऱ्या मावशींनी तिढा सोडवला. त्यांची आई राणीसावरगावच्या शेतात राहते. मुलगा आणि सून दसरा झाला की ऊसतोडीला जातात, ते उन्हाळ्यातच परत येतात, आणि म्हातारी आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या शेडवर, एकटी असते. तिला सोबत पाहिजे, मावशी म्हणाल्या. मी विचारलं, साखळी आहे का? मावशी म्हणाल्या, त्यांच्याकडं बैलाला दावं पुरत न्हाई, कुत्र्याला साखळी कुठली.

म्हातारी मला पहिल्या भेटीत अजिबात आवडली नाही. मोठी चांगली, मायाळू आजी भेटेल असं काहीतरी मनात धरून मी गेले होते. ही वाळक्या शेंगेसारखी, कपाळाला आठी, तोंडात मिश्री. पत्र्याच्या शेडसमोर आम्ही उभे होतो. तिनं कुत्र्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. जात विचारली नाही. चावतं का विचारलं. मी अभिमानानं नाही म्हणाले.

"मग काय कामाचं?" ती म्हणाली.

काय खातो विचारलं, तर मी सांगितलं, ताक-भाकरी, आणि रविवारी एक अंडं. ती मिश्रीचं बोट तोंडातून काढून हसली. रविवार आमाला कुठं कळतो, म्हणाली. मला तिथूनच त्याला परत गाडीत घालावंसं वाटलं. पण गाडी परभणीलाच जाणार होती, आणि परभणीत बोर्ड होता.

मला 'ठेवून घ्या' हे शब्द काही केल्या म्हणता येईनात. मी म्हणाले, थोडे दिवस ठेवा, आमची काही सोय लागली की घेऊन जाते. ते बोलताना मला ते खरंच वाटत होतं.

"मग पाव्हणा म्हन की," ती म्हणाली, आणि तेच त्याचं नाव पडलं. तिनं त्याला तीच हाक मारली, "ये रे पाव्हण्या," आणि तो गेला नाही. माझ्या पायाला चिकटून उभा राहिला. मी त्याचा पट्टा काढला आणि पर्समध्ये टाकला. गाडी सुरू झाली तेव्हा तो मागे पळाला. ही जात पळते फार चांगली. डांबरी रस्त्यापर्यंत तो खिडकीच्या बरोबरीनं होता. मग ड्रायव्हरनं वेग घेतला. मी रडले, नवऱ्यानं पाण्याची बाटली पुढे केली, आणि मी ती घेतली नाही.

कॉलनीत आम्ही राहायला आलो. लोक फार चांगले वागले. सेक्रेटरींच्या बायकोनं विरजण दिलं. अध्यक्ष येता-जाता विचारायचे, ताई, करमायलंय का? त्यांच्या तोंडचं ताई मला लाथ बसल्यासारखं लागायचं. त्यांना वाटायचं माझं नाक वर आहे. वाटू दे. लॅब्राडोर रोज संध्याकाळी आमच्या फाटकाच्या खांबावर पाय वर करून जायचा. मी बादलीभर पाणी ओतायचे आणि घरगुती जात म्हणायचे, मोठ्यानं, सेक्रेटरींच्या खिडकीकडे तोंड करून. नवरा म्हणायचा, पुरे आता. मला पुरे वाटत नव्हतं. राग धरून ठेवला की निदान ते कुत्रं कुठंतरी धरून ठेवल्यासारखं वाटायचं.

मावशींना मी येता-जाता विचारायचे, कुत्रा कसा आहे. त्या म्हणायच्या, हाय की. म्हातारीकडे फोन नव्हता, मुलाचा होता तो दसऱ्यानंतर त्याच्याबरोबर ऊसतोडीला गेला. त्यामुळे हाय की यावर मला महिने काढावे लागले.

दिवाळीत कॉलनीतली निम्मी घरं गावाला गेली आणि त्यातली काही फोडली गेली. सेक्रेटरींचंही फोडलं. लॅब्राडोरला चोरांनी काय खाऊ घातलं देव जाणे, तो सकाळी अंगणात आरामात झोपलेला सापडला. त्याला काही झालं नव्हतं, मी जाऊन बघून आले. त्याच्यावर माझा राग नव्हता. कुत्र्यांवर माझा राग कधीच नसतो.

पुढच्या आठवड्यात अध्यक्ष स्वतः आमच्या दारात आले. पहिल्यांदाच. आत बसले, पाणी प्याले, पंख्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "तुमचं ते कारवान हाय का अजून? आणता का परत?"

मी विचारलं, बोर्डाचं काय. ते म्हणाले, बोर्ड आपणच लावलाय, आपणच काढू. शिकारी जात राखणीला लय चांगली असते म्हणं. फाटकाजवळ वॉचमनच्या खोलीपाशी बांधू, सगळे मिळून खाऊ घालू.

खरं सांगते, मला आनंद झाला. उडी मारावी असा. आणि त्या माणसामुळे मला आनंद व्हावा याचाच इतका संताप आला की मी नुसतं बघते म्हणाले आणि त्यांना चहासुद्धा विचारला नाही. ते गेल्यावर पर्समधला पट्टा काढला, तेल लावून मऊ केला, आणि रविवारसाठी गाडी सांगितली. नवरा आपणहून अंडी घेऊन आला.

राणीसावरगावच्या शेतात तूर कमरेच्या वर आली होती. नवरा आणि ड्रायव्हर रस्त्यावर थांबले, मी बांधानं निघाले. आखाडा अजून लांब होता तोच भुंकणं ऐकू आलं. जाड, छातीतून येणारं. हे कोणाचं कुत्रं म्हणून मी जागेवर थांबले, कारण आमचा कधी भुंकत नसे. तुरीतून तो बाहेर आला, मान ताठ, शेपूट ताठ, आणि माझ्यापासून चार हातांवर उभा राहून माझ्यावर भुंकायला लागला. बरगड्या तशाच होत्या, पण अंगावर चकाकी होती.

मागून म्हातारीचा आवाज आला. "भुकू नको लेका. पाव्हणे हायत."

तो गप्प झाला. मी तिथंच उभी होते. पाव्हणा हे त्याचं नाव होतं, आणि आता ते मला मिळालं होतं.

मग त्यानं माझा हात हुंगला. हुंगताना त्याचं सगळं मागचं अंग हलायला लागलं, पुढचे पाय माझ्या छातीवर आले, साडीला माती लागली आणि मी खाली बसून त्याला धरून रडले. म्हातारी तुरीच्या कडेला उभी राहून बघत होती. तिनं मला घाई केली नाही, समजावलंही नाही. माझं झाल्यावर म्हणाली, चल, चहा टाकते. तिच्या मागून कुत्रा निघाला आणि त्याच्या मागून मी.

शेडमध्ये एक बाज, चूल, दोन शेळ्या. बाजेखाली गोणपाट अंथरलेलं, त्यावर त्याच्या अंगाचा खळगा पडलेला. मुलगा-सून गेल्याला बरेच दिवस झाले होते. मी विचारलं, काही कामाचा आहे का? ती म्हणाली, कसला कामाचा. रानडुकरं आली तर जागचा हालत न्हाई, नुसता बाजंजवळ उभा ऱ्हातो. चुलीत काटकी सारून मग म्हणाली, पर उभा ऱ्हातो.

चहाचा कप माझ्या हातात दिला आणि तिनं विचारलं, "न्यायला आलीस?"

वळसा न घालता. त्या अध्यक्षानं विचारलं होतं तसंच सरळ, फक्त हिला उत्तराची भीती वाटत होती. मी कपात बघत राहिले तर तीच म्हणाली, "तुझं हाय. ने." आणि चुलीकडे तोंड फिरवलं. कुत्रा आमच्या दोघींच्या मध्ये बसला होता आणि ज्या बाजूला हालचाल होईल तिकडे बघत होता.

मी चांगल्या मनाची नाही. म्हातारीची दया येऊन मी त्याला सोडून आले असं कोणाला वाटत असेल तर ते चूक आहे. त्या क्षणी मला ती अडचणच वाटत होती. मला दिसत होता तो वॉचमनच्या खोलीपाशी बांधलेला दोर. 'शिकारी' या ज्या शब्दानं त्याला बाहेर काढलं त्याच शब्दानं आता त्याला आत बोलावलं होतं. चोर येतील, हा शेपूट हलवेल, मग ओट्यावर पुन्हा चार खुर्च्या मांडतील आणि म्हणतील, जातीला जागला नाही. तिथं त्याला कायम त्या व्हिडिओतलं कुत्रं व्हावं लागणार होतं. इथं नुसतं उभं राहिलं तरी भागत होतं.

"नाही," मी म्हणाले. "सहज आले."

तिचा श्वास सुटलेला मला ऐकू आला. ती उठली, बाहेर गेली आणि पदरभर हिरव्या तुरीच्या शेंगा तोडून आणल्या. पिशवी उघड म्हणाली. पिशवीत पट्टा होता, तेल लावलेला. तिनं तो बघितला.  सगळ्या शेंगा त्याच्यावर ओतल्या. अंडी मी चुलीपाशी ठेवली आणि सांगितलं, आज रविवार आहे.

"पाव्हणीला वाटंला लाव," तिनं कुत्र्याला सांगितलं. तो माझ्यासोबत बांधापर्यंत आला. बांध संपला तिथं थांबला, आणि मी गाडीत बसेपर्यंत तिथंच उभा होता. या वेळी तो पळाला नाही. नवऱ्यानं विचारलं, कुठाय? मी पिशवी त्याच्या मांडीवर ठेवली.

संध्याकाळी कॉलनीच्या फाटकातून आत आले तेव्हा अध्यक्ष ओट्यावर सुपारी कातरत होते. हातानं थांबा म्हणाले. कमिटीतले दोघं-तिघं शेजारी होते. गाडीत वाकून बघितलं आणि विचारलं, आणलं न्हाई का? मी नाही म्हणाले. तो येणार नाही, तिकडंच राहणार. ते हळहळले. खरोखर हळहळले असावेत, त्यांच्या फाटकाचा प्रश्न होता.

"मग आता आमी कोणती जात बघावी, ताई?"

"तुमची कोणती?" मी विचारलं.

अडकित्ता सुपारीवर तसाच राहिला. शेजारच्या खुर्च्या माझ्याकडे बघायला लागल्या, मग त्यांच्याकडे. अध्यक्षांकडे कुत्रा नाही, हे तिथल्या सगळ्यांना माहीत होतं.